चार खांब

अनंताने खांबाच्या बुडाशी पहार घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. सागाचा खांब जागचा हलला नाही. वरून पार कोळसा झाला होता, पण खरवडलं की आत लाकूड अजून तांबूस होतं.

डोंगराकडून उतरलेल्या वणव्याने परवा दुपारी गोठा नेला. पेंढा भडकला तेव्हा अनंताला एकच सुचलं. त्याने कोयत्याने गाईचं दावं तोडलं. गाय उधळली ती थेट वरच्या ठाकूरवाडीत, बुधूच्या दारात जाऊन थांबली. आजोबांनी उभारलेला गोठा बघता बघता खाली बसला. चार खांब तेवढे उरले.

मुलगी हर्षाली सकाळीच वाशिंदहून येऊन गेली.

"बाबा, पत्र्याची शेड टाकू. नायतर गाय विका नि चला माझ्याकडं."

"बघू," तो म्हणाला.

बायको गेल्यापासून त्याचा दिवस गोठ्यातच जाई. पेंढा टाकता टाकता तो गाईला गावातल्या खबरी सांगे, कधी नुसताच टेकून बसे. जवळ कुणीतरी श्वास घेतंय, एवढं त्याला पुरे. आता नवा गोठा घालायचा तर वासे चढवायला माणसं हवीत, आणि आळीतली निम्मी घरं कुलपात होती.

उन्हं कलल्यावर तो गाय आणायला वाडीवर गेला. बुधूची बायको लहानी गाईच्या मानेवरच्या गोचड्या काढत होती आणि तिला मनापासून शिव्या घालत होती. गाय डोळे मिटून ऐकत होती.

"पयल्या दिशी तोंडच लावीना," लहानी म्हणाली. "मंग मी बोलत बसले, तवा खाल्लं. लय लाडावून ठेवलीय तुमी हिला."

अनंता खाली बघत राहिला. बुधूने चहा आणला. तो पिऊन झाला तरी अनंता उठेना.

"बुधू, उद्या माणसं घेऊन खाली ये. ते खांब काढून ने. तासलेस तर आतून चांगले हायेत. हितं गोठा घाल."

"आन तुमचा?"

"मला एकट्याला कशाला?"

"मंग गाय?"

"ऱ्हाऊ दे हितंच."

बुधूने बायकोकडे पाहिलं. "बरं. पन दूध तुमचं, काका. आमी पोचवू खाली."

"नको, नको," अनंता घाईघाईने म्हणाला. "धार काढायला मीच येईन. दोनी टायमाला."

चढ केवढा आहे, ते तिघांनाही ठाऊक होतं.

लहानीने गाईच्या मानेवरून हात काढला नाही. "उशीर नका करू पन," ती म्हणाली. "ही वाट बघत नाय. वरडून सगळी वाडी उठवते."