पुंडलिकचे पिवळे दिवे

गाडीला नवे फॉग लाइट बसवायचे ठरले ते एका दूधवाल्यामुळे. तो नागोठण्याच्या अलीकडे, भल्या सकाळी धुक्यात, सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून निघाला होता. त्याचा गुन्हा एवढाच की तो पुंडलिकला दिसला नाही. मला दिसला. मी फक्त "पुंडलिक" म्हणालो, पण जरा मोठ्यानं म्हणालो. गाडी उजवीकडे गेली, दूधवाला डावीकडे गेला, आणि मग आम्हा दोघांच्या सात पिढ्यांबद्दल त्यानं बरीच माहिती दिली. त्यातली काही माझ्यासाठी नवीन होती.

"दिवे कमी पडतात," पुंडलिक म्हणाला.

"पडतात," मी म्हणालो.

मी चौतीस वर्षं तलाठी होतो. दिसलेलं न दिसल्यासारखं करायचं हे त्या नोकरीतलं पहिलं कसब. नोकरी संपली, कसब राहिलं.

पुंडलिक जोह्याचा. गणपतीची आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. घरचा कारखाना आहेच, पण हमरापूरपासून पेणपर्यंतचे कारखानदार त्याला गाडीभाडं देऊन नेतात. तो दोरी लावत नाही, पेन्सिलीची खूण करत नाही. सकाळच्या उजेडात, तोंडात घास घालायच्या आधी बसतो, आणि एका दमात डावा डोळा, एका दमात उजवा. सबंध मूर्ती दुसऱ्यानं घडवलेली, रंगवलेली असली तरी डोळे पुंडलिकचे असले की लोक म्हणतात, पुंडलिकचा गणपती. या धंद्यात डोळेवाल्याचा हात चुकला असं एकदा बोललं गेलं की पुन्हा कुणी बोलवत नाही. भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत. फोन वाजायचा थांबतो, बस.

या थंडीत त्याला रोह्याचं काम होतं. त्याचा पुतण्या हितेश याच्या कारखान्यात परदेशी जायच्या दोनशे मूर्ती रंगून, कोऱ्या डोळ्यांनी उभ्या होत्या. महिनाअखेर खोकी भरायची होती. पुंडलिक रोज अंधार फिटायच्या आत जोह्याहून निघायचा, पेणला मला घ्यायचा. रोह्याला माझी मुलगी तनया राहते, नातीला भेटण्याचं निमित्त मला पुरायचं. शेजारी बसून मी गप्पा मारायचो. अलीकडे माझ्या गप्पांत "पुढे ट्रक आहे", "डावीकडे खड्डा", "हा शिफ्टचा बसवाला थांबणार" असेच विषय जास्त यायला लागले होते. दोघांपैकी कुणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

तर दिवे. एके दिवशी रोह्याला खाडा करून पेणला निकेशच्या दुकानात गेलो. निकेशनं दोन एलईडी बल्ब काउंटरवर पेटवून ठेवले.

"काका, पांढरा घेता का पिवळा? धुक्यासाठी पिवळाच घ्या. पांढऱ्याचा उजेड धुक्यावर आपटून परत तोंडावर येतो."

"मला शिकवतो काय रे? पिवळाच पायजे." पुंडलिकनं वाकून दोन्हींकडे बघितलं आणि बोट ठेवलं. "हा."

बोट पांढऱ्यावर होतं.

निकेशनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. एकादशी गुरुवारी होती.

"नक्की हाच ना काका?"

"बाबा, चाळीस वर्षं रंगात हाय मी. हळदीचा पिवळा येगळा, लिंबाचा येगळा, शेवंतीचा येगळा. हा लिंबाचा हाय. बांध."

निकेशनं बांधला. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे त्याचंही कसब असणार. आमच्या तालुक्यात कसबी माणसांची कमी नाही.

दुपारी जोह्याला कारखान्यासमोरच्या अंगणात दिवे बसवायला घेतले. पुंडलिकची सून प्रतिक्षा मोबाइलवर व्हिडिओ लावून बसली होती. पुढचं चाक आत वळवायचं, बंपरखालच्या प्लास्टिकच्या क्लिपा काढायच्या, हात आत घालून जुना बल्ब फिरवून ओढायचा. व्हिडिओतला माणूस हे चार मिनिटांत करत होता. पुंडलिकला एक क्लिप सापडायला तेवढा वेळ लागला. मग प्रतिक्षा म्हणाली, "बाबा, तुमचा हात मोठा हाय, माझा जाईल." त्याचा हात मोठा नाही. तांदळाच्या दाण्यावर डोळा काढेल असा हात आहे. पण तो बाजूला झाला.

एक दिवा पेटला, दुसरा पेटेना. प्रतिक्षानं प्लग उलटा करून लावला, तोही पेटला. समोरच्या भिंतीवर दोन पांढरेशुभ्र गोळे उमटले.

"बघ कसा पिवळाधमक पडलाय," पुंडलिक म्हणाला.

त्याची बायको चंद्रावती ओटीवर वाल निवडत होती. तिनं मान वर केली. "पिवळा? आवो, हा तं..."

"छान हाय बाबा," प्रतिक्षा मधेच म्हणाली.

"हाय ना? भाऊसाहेब, कसा हाय?"

"भरपूर आहे," मी म्हणालो. उत्तर खरं होतं. फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचं होतं.

दिवस कलला तसा उजेडाचा अंदाज यायला लागला. दिवे जास्तच वर लागले होते. उजवा गोळा भिंतीवर आणि डावा थेट कारखान्याच्या उघड्या दारातून आत, फळ्यांवर मांडलेल्या मूर्तींवर. रोज चाळीस वॅटच्या पिवळट बल्बखाली उभ्या असणाऱ्या त्या मूर्ती एकाएकी तपासणीला उभं केल्यासारख्या दिसायला लागल्या. उजेड कुठवर पोचतो ते बघायला पुंडलिक आत गेला. मी त्याच्या मागे गेलो.

पहिल्या फळीपुढे तो थांबला नाही. दुसऱ्या फळीपुढे थांबला. मग पुढे झाला, इतका पुढे, की त्याचं नाक मूर्तीच्या सोंडेला लागेल असं वाटलं. एक मूर्ती बघितली, दुसरी बघितली. मग मागे न वळता विचारलं,

"हे डोळे कुणी काढले?"

बाहेर चंद्रावतीचे वाल सुपात पडायचे थांबले.

"तुम्हीच की," ती ओटीवरून म्हणाली.

"माझी रेघ शेवटी उचलते. ही थांबते." तो अजून मूर्तीकडेच बघत होता. "चांगली थांबते. पण माझी नाय."

प्रतिक्षा दारात येऊन उभी राहिली. हाताला बंपरखालचं काळं लागलेलं होतं, ते ती पदराला पुसत होती. ते निघत नव्हतं.

"मी काढले बाबा."

"कधी?"

"तुम्ही दुपारी आडवे व्हता तवा. दिवाळीपासनं." आणि मग कुणी विचारलं नसताना म्हणाली, "सगळे नाय. वाकडे गेलेले तेवढेच पुसले."

फळीवर सर्वात शेवटी सकाळीच काढलेल्या चार मूर्ती होत्या. त्या दुपारी आमचा गाडीचा उद्योग चालल्यामुळे तशाच राहून गेल्या होत्या. त्यांतल्या दोन मूर्तींचा डावा डोळा उजव्यापेक्षा बाजरीच्या दाण्याएवढा खाली होता. त्या पांढऱ्या उजेडात मला तो दारातूनसुद्धा दिसला असता. पुंडलिक त्यांच्याजवळ गेला, डोळे बारीक करून बघितलं, मान तिरकी केली, पुन्हा बघितलं. मग बोटानं चाचपलं. ओला रंग असता तर पुसला गेला असता.

"भाऊसाहेब, तुला दिसतंय?"

"माझाही चष्मा जुना झालाय," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. किती दिसत होतं कोण जाणे, पण मला वाटतं पुरेसं दिसत होतं.

"चंद्रे, तुला ठाव व्हतं?"

"आता सूनबाय काय वाईट करत व्हती काय?" चंद्रावती म्हणाली. "हितेशचा फोन आला असता तं बरं वाटलं असतं तुम्हाला?"

"रोह्याला तं ती नसते," पुंडलिक म्हणाला. "तिथं कोण पुसतं?"

रोह्याला पासष्ट मूर्तींचे डोळे त्यानं एकट्यानं काढले होते. रोज संध्याकाळी येणारा हितेशचा फोन तीन दिवसांत आला नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्याच्याही ते आधीच लक्षात आलेलं असणार. प्रतिक्षानं जाऊन दिवे बंद केले. ती म्हणाली बॅटरी उतरेल. मी शेवटच्या बसनं पेणला आलो. पुंडलिकनं मला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी येणार नाही असं धरून मी चहा टाकला होता. साडेपाचला हॉर्न वाजला. खाली उतरलो तर स्टिअरिंगवर प्रतिक्षा. माझ्या जागेवर पुंडलिक, मांडीवर ब्रशांची पेटी घेऊन बसलेला. मागचं दार उघडून मी बसलो.

"चष्मा आणलास काय?" त्यानं विचारलं.

"आणलाय."

"मंग आज वापर."

वडखळ मागे पडलं तसं धुकं दाट झालं. खाडीकडून येणारं, रस्त्यावर अंथरल्यासारखं. प्रतिक्षानं नवे दिवे लावले आणि समोर चुन्याची भिंत उभी राहिली. रस्ता होता की नव्हता ते कळेना. तिनं गाडी पावलांच्या वेगावर आणली. पुढे वाकली.

"समोर काय हाय?" पुंडलिकनं विचारलं.

"काय दिसत नाय बाबा."

"तुला पण?"

"मला पण."

कंपनीची एक बस हॉर्न देत बाजूनं गेली, धाटावकडे. तिचे खालचे दिवे पिवळे होते, आणि ती गेली तेवढ्यापुरता पुढचा रस्ता, कडेचा दगड, दगडावरचा आकडा, सगळं स्वच्छ दिसलं. मला आणि प्रतिक्षाला. पुंडलिकनं मान वळवून त्या बसच्या आवाजामागे बघितलं.

पेटीच्या कडीवर त्याचं बोट फिरत होतं.

"प्रतिक्षा," तो म्हणाला, "आपला पांढरा हाय ना गो?"

"व्हय, बाबा."

"बंद कर मंग."

तिनं बंद केला.

"रोह्याला पोचल्यावर," तो म्हणाला, "पयल्या पासष्ट मला दाखव. एकेक. खोटं बोलू नको." मग मागे न बघता, "भाऊसाहेब, तू पण."