क्रूझ लागेनासं झालं तेव्हा

मी एक जुनी मोटार बोलतेय. जन्म जपानचा, पहिली वर्षं सिंगापुरात गेली. तिथून परतलेल्या एका इंजिनिअरसाहेबांनी १९९४ साली मला बोटीनं आणलं. पुढे त्यांचं मन नव्या गाडीवर गेलं आणि नाशिकमधल्या इंदिरानगरच्या धोंडीरामभाऊंनी मला घरी नेलं.

माझ्या स्टिअरिंगवर क्रूझचं बटण आहे. ते दाबलं की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला तरी मी त्याच वेगानं धावते. आपल्या रस्त्यांवर याचा काय उपयोग, असं म्हणून लोक हसत. भाऊंना होता. त्यांचा उजवा गुडघा आखडलेला. थोरली बहीण अक्काबाई पिंपळगाव बसवंतला, तिच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तिला नाशकात आणायचं, परत सोडायचं. हायवे मोकळा मिळाला की भाऊ बटण दाबत आणि पाय सैल सोडत.

२००५च्या हिवाळ्यात क्रूझ लागेनासं झालं. भाऊंचा गुडघा सुजू लागला.

"धोंडू, ऱ्हाऊ दे आता. मी टेम्पोनं यीन," मागच्या सीटवर आडवी झालेली अक्काबाई म्हणाली.

"टेम्पोत तुला चढवणार कोण?" भाऊ एवढंच बोलले.

रविवारी त्यांनी मला दारातच उघडलं. फ्यूज चांगला होता. क्रूझला जाणारी रबरी नळी कुठे फाटलेली नव्हती. ब्रेकला पाय लागला की क्रूझ सुटतं, तेव्हा ब्रेकचा स्विचच अडकला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी बायकोला हाक मारली.

"सरिता, मी ब्रेक दाबलेला नाही, तरी मागचे लाल दिवे लागलेलेच आहेत का बघ."

"नाही."

"आता ब्रेक दाबलाय."

"तरी नाही लागले."

"नीट बघ."

"समोरच तर उभी आहे मी."

भाऊ लंगडत मागे आले आणि पायरीवर बसले. कांद्याचे ट्रक दर फेरीला माझ्या पाठीला लागून येत, मी ब्रेक मारला हे त्यांना दिसलंच नसतं, आणि मागच्या सीटवर अक्काबाई असे.

मेकॅनिकनं स्विच बदलला; दिवे आणि क्रूझ दोन्ही त्या एकाच स्विचवर होते. दिवे लागले, क्रूझही लागलं. पुढच्या फेरीला भाऊंनी बहिणीला सगळं सांगून टाकलं.

"मला ठावं नव्हतं तेच बरं," ती म्हणाली. "तेवढीच झोप लागायची मला, तुझ्या गाडीत."

पुढच्या वर्षी ती गेली. भाऊंचं पिंपळगावला जाणं थांबलं.

आता मी कंपाउंडला टेकून उभी आहे. टायर बसलेत. भंगारात द्यायला माझी ना नाही. त्याआधी एकदा कुणी हायवेवर न्या. मागच्या सीटवरच्या माणसाची झोप मोडणार नाही, इतपत अजून धावेन.