एका बाजूला जाड

मोहरीच्या दाण्याएवढा पोकळ गोळा मिनोरीने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि उसासा टाकला. भिंत पुन्हा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ.

तिचे मार्गदर्शक कुराहाशी सेन्सेई मागून डोकावले. "ओसाकात जन्मलीस आणि तुला साधा गोळा जमत नाही? ताकोयाकीचे गोल वडे विकणाऱ्या गाडीवर तुला कुणी उभंसुद्धा करणार नाही."

मिनोरी कसनुसं हसली. महिनाअखेरीला मोठ्या लेसरवर त्यांची पाळी होती. ती हुकली तर पुढची थेट हिवाळ्यानंतर, आणि मिनोरीचा प्रबंधही तेवढाच लांबणार.

काम सांगायला सोपं होतं. आत तेलाचा थेंब, त्याभोवती चिकट द्रवाचा थर, आणि असे कितीतरी थेंब तेलाने भरलेल्या चंबूत सोडायचे. चंबू हळूहळू फिरत राहतो, थर घट्ट होतो, आणि वाळला की त्याची फेसासारखी जाळीदार भिंत होते. स्पंज पाणी पितो तशी ही भिंत इंधन पिते. मग ते गोठवायचं आणि सूर्यात होतं तसं अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा निघावी म्हणून लेसरने गोळा सगळीकडून एकदम दाबायचा. भिंत कुठे कमीजास्त असली, की मुठीतून ओला साबण सटकावा तसं इंधन निसटतं.

आतला थेंब मधोमध राहायचा तर तेल आणि द्रव सारख्याच घनतेचे हवेत. खोली ठरावीक गार असेल तरच ते जमतं. म्हणून मिनोरी रोज सकाळी एसी स्वतः लावायची. तरी गोळे बिघडत होते.

"सेन्सेईंची नजर लागते तुझ्या गोळ्यांना," शेजारच्या टेबलावरचा तोगावा म्हणाला. "ते टोकियोला गेले होते, त्या दिवशीचे बघ की कसे गोल निघालेत."

तो गमतीने बोलला, पण मिनोरीच्या डोक्यातून ते जाईना. दुसऱ्या दिवशी जेवण अर्धवट टाकून ती परत आली. खोलीत अंधार होता, एसी बंद, हवा कोंदट. चंबू बिचारा इमानाने फिरत होता. आणि गळ्यात टॉवेल टाकून, गुणगुणत, कुराहाशी सेन्सेई पुढच्या खोलीचं बटण बंद करत होते. जेवणाच्या सुट्टीत दिवे आणि एसी बंद ठेवायचे हा संस्थेचा रिवाज, पण तो त्यांच्याइतका निष्ठेने कुणीच पाळत नसे. कुणाची गैरसोय नको म्हणून सुट्टी संपायच्या आत ते सगळं परत चालूही करत.

आता हे त्यांना सांगायचं कसं? गुरूच्या तोंडावर चूक दाखवायची मिनोरीची छाती होईना.

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत ताकोयाकीचा बेत होता. आप्पेपात्रासारखा खळग्यांचा तवा शेगडीवर चढला आणि नेहमीप्रमाणे सळई सेन्सेईंच्या हातात गेली. पीठ ओतून, ऑक्टोपसचे तुकडे घालून ते गोळे फिरवू लागले. तोंडाने मिनोरीला धडे देणं चालूच होतं. मिनोरीने हळूच गॅस बंद केला.

थोड्या वेळाने सेन्सेईंच्या सळईला लगदा लागला. गोळे एका अंगाला बसले होते. त्यांनी वाकून पाहिलं.

"गॅस कुणी घालवला?"

"मी," मिनोरी नम्रपणे म्हणाली. "जेवणाची वेळ झाली ना, सेन्सेई. म्हटलं, तेवढीच बचत."

तोगावाने मान फिरवून हसू दाबलं. सेन्सेई तव्याकडे पाहत राहिले, मग मिनोरीकडे, मग खोलीतल्या एसीकडे. त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"टोकियोला गेलो होतो, तेव्हाचे..." ते पुटपुटले.

"अगदी गोल होते."

सेन्सेईंनी तो बसका गोळा उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "चव वाईट नाही," ते म्हणाले, "पण लेसरला चालणार नाही."

पुढच्या खेपेचे गोळे वेळेत तयार झाले. मिनोरीने एकेक फिरवून पाहिला. भिंत सगळीकडून सारखी होती. आनंदाने ती सांगायला धावली, तर सेन्सेई आपल्या खोलीत घामाघूम होऊन कागदी पंख्याने वारा घेत बसलेले.

"सेन्सेई, तुमचा एसी?"

"बंद आहे," ते म्हणाले. "तुझ्या चंबूचा एसी आता जेवणाच्या सुट्टीतही चालतो, त्याची भरपाई कुणीतरी करायला नको?"