नऊ आणि सहाचं हसू

माझ्या भावाला मी दिवसातून दोनदा दहापैकी मार्क देत होते. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला. यात तेव्हा मला काहीही वावगं वाटलं नव्हतं. बत्तीस वर्षं मी एका मोठ्या इस्पितळात वॉर्डची मुख्य नर्स होते आणि नऊ-सहाच्या फेरीला प्रत्येक खाटेपाशी उभं राहून तक्ता भरणं माझ्या हाडात मुरलंय. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी पाहुण्याने अर्धा चहा टाकला की मी मनात नोंद करते.

भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आता बावन्नचा आहे, पण मी त्याला छोट्याच म्हणते आणि त्याचीही त्याबद्दल तक्रार नाही. तो शीतगृहात मेकॅनिक आहे. मासे, मटार, आइस्क्रीम ठेवायच्या उणे वीस अंशांच्या मोठमोठ्या खोल्या असतात, त्यांची यंत्रं तो सांभाळतो. आमच्याकडचा हिवाळा मुळातच लांबलचक आणि काळपट. तो कामावर जातो तेव्हा उजाडलेलं नसतं, परत येतो तेव्हा मावळलेलं असतं आणि मधले दहा तास ट्यूबलाइटखाली. गेली चार-पाच वर्षं हिवाळा लागला की तो मिटून जायचा. यंदा तर त्याने तोंडाला कुलूपच घातलं. त्याची बायको आठ वर्षांपूर्वी वेगळी झाली. त्यात तिची फारशी चूक नव्हती, हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. तेव्हापासून खालच्या मजल्यावर तो एकटा आणि वरच्या मजल्यावर मी. मी डबा नेऊन ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तसाच भरलेला परत आणायचे.

मग एका दुपारी शीतगृहातून फोन आला. छोट्या जाकीट न घालता आतल्या खोलीत गेला होता आणि खोक्यांच्या मागे बसून राहिला होता. पहारेकऱ्याच्या नजरेला पडला म्हणून वाचला. "जाकीट विसरलो," एवढंच तो म्हणाला. तीस वर्षं त्या खोल्यांत वावरलेला माणूस जाकीट विसरतो, यावर विश्वास ठेवायचं मी ठरवलं. दुसरं काही ठरवायची माझी छाती झाली नाही.

मनाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुलींच्या वयाच्या. त्यांनी औषध दिलं. मग मला म्हणाल्या, "त्यांना कुठेतरी उबेत घेऊन जा. उजेड असेल, झाडं असतील, पाणी असेल अशा ठिकाणी. औषध चुकवू नका आणि त्यांना एकटं सोडू नका. बाराव्या दिवशी मला फोन करा. फरक नसेल तर आल्यावर दाखल करून घेऊ."

बाहेर पडताना छोट्याने माझी बाही धरली.

"ताई, दाखल नको."

आठवडाभरातलं त्याचं ते एकमेव वाक्य होतं.

आम्ही विमानाने चार तास दक्षिणेकडे गेलो. दार उघडलं आणि गरम, ओलसर हवा अशी काही अंगावर आली की मी जिन्यावरच स्वेटर काढला. छोट्याने नाही काढला. आमचं भाड्याचं लाकडी घर खाडीच्या काठाला होतं, मागे गर्द झाडी, समोर पाणी. घरमालक शेजारीच राहायचा. पाहुण्यांना होडीतून फिरवणं हाही त्याचाच उद्योग. तोही बेताचंच बोलायचा. दोन मुके आणि मध्ये मी, म्हणजे बोलायचं सगळं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच संध्याकाळी मी वहीत रकाने आखले. झोप, जेवण, बोलणं, हसणं आणि शेवटी मूड, दहापैकी. झोप तीन तास. जेवण अर्धी पोळी. बोलणं नाही, हसणं नाही. मूड एक. वही मी वर्तमानपत्राखाली ठेवली. रुग्णाला तक्ता दाखवायचा नसतो, हा माझा जुना नियम.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला, अंडं फोडता फोडता, छोट्या माझ्याकडे बघून हसला. माझा जीव भांड्यात पडला. मी तीन लिहिले. पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला तो परत हसला, वर "हवा छान आहे" असंही म्हणाला. चार. सहाव्या दिवशी पाच, सातव्या दिवशी सहा, आठव्या दिवशी सात. मला आकाश ठेंगणं झालं. आंघोळ करताना मी डॉक्टरीणबाईंना करायच्या फोनची तालीम करू लागले. दाखल करायची गरज नाही, बघा, आकडेच बोलतायत.

नऊ आणि सहाच्या मधल्या वेळात मी ओसरीवर विणकाम घेऊन बसायचे आणि त्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही. पण तो वेळ माझ्या लेखी फेरीचा नव्हता. तिसऱ्या दिवशी कधीतरी त्याने स्वेटर काढून कठड्यावर टाकला आणि मग तो घालायचंच विसरला. एकदा एका मोठ्या झाडाच्या बुंध्याला त्याने हाताची पाठ लावली, मग वळसा घालून पलीकडच्या बाजूला लावली. यंत्राचा पाइप तो असाच तपासतो.

"ताई, सावलीकडची बाजू चार अंशांनी गार आहे."

"हो का? टोपी घाल," मी म्हटलं आणि टाके मोजत राहिले.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडायचा आणि त्यात नखाएवढे लाल खेकडे निघायचे. छोट्या पँट दुमडून त्यांच्यासमोर उकिडवा बसायचा. सरळ दोन-दोन तास. कंबर धरेल म्हणून मी वरून ओरडायचे, पण तो काही उठायचा नाही. यातलं काहीही मी वहीत लिहिलं नाही. त्याला रकानाच नव्हता.

नवव्या दिवशी घरमालक आम्हाला होडीतून खारफुटीत घेऊन गेला. पाण्याबाहेर आलेली मुळं दोन्ही बाजूंनी, मध्ये जेमतेम होडीपुरती वाट, वरून उतरतं ऊन. आत गेल्यावर घरमालकाने वल्हं आडवं धरलं आणि होडी आपोआप वाहू दिली. एका खंड्याने सूर मारला आणि मासा घेऊन गेला. मी घड्याळ पाहिलं. सहाला दोन मिनिटं होती. चष्मा वर करून मी छोट्याकडे वळले. तो हसला, चांगलं तोंडभर. मला इतका आनंद झाला की जीभ घसरली.

"छोट्या, आज तुला आठ!"

त्याचं हसू जागच्या जागी विझलं.

"काय आठ?" तो म्हणाला. मग एवढ्या मोठ्याने ओरडला की मुळांवरचे बगळे उडाले. "तायडे, काय आठ? नऊला आणि सहाला तोंड वेंगाडतोय मी! तू घड्याळ बघतेस, चष्मा सरकवतेस आणि माझ्याकडे वळतेस. वही पेपरखाली लपवतेस, तो पेपर आपण आलो त्या दिवसाचा आहे. मी काय खुळा आहे?"

"म्हणजे तू सोंग करत होतास?"

"मग काय! गाल दुखतात माझे. दाखल व्हायला नको म्हणून हसत होतो. आणि तुझ्यासाठी हसत होतो. आकडा वाढला की त्या दिवशी तू नीट जेवतेस. तुला स्वतःला तरी कळलंय का ते?"

मलाही राग आला. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू मला फसवतोस? मी करायचं तरी काय?"

"विचारायचं! तक्ते कसले भरतेस? बत्तीस वर्षं कामाला होतीस ना तिथे? सरळ विचार की, छोट्या, तुला मरावंसं वाटतं का?"

घरमालक दुसरीकडे बघू लागला. हा प्रश्न मी परक्या माणसांना शेकडो वेळा विचारलाय, खाटेच्या कडेला बसून, आवाज हलू न देता. कसा विचारायचा हे मी पोरींना शिकवलंय. इथे मी आधी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वाटतं का?" मी शेवटी म्हटलं.

"तेव्हा वाटत होतं. जाकीट मी विसरलो नव्हतो."

मला ते माहीत होतं. फोन आला त्या क्षणापासून माहीत होतं.

"आणि आता?"

त्याने होडीच्या कडेवरून हात पाण्यात सोडला. "आता रोज नाही वाटत," तो म्हणाला. "ताई, इथे मला खरंच बरं वाटतं. पण ते मधल्या वेळात. ते खेकडे असतात ना, त्यांच्यापुढे बसलं की मी आहे हेच विसरायला होतं. उठतो तेव्हा भूक लागलेली असते. पाठीवर ऊन असतं. पण ते मी तुझ्यापासून लपवत होतो. तुला दिसलं की तू लिहून ठेवणार. मग दुसऱ्या दिवशी मला तेवढं वाटायलाच पाहिजे, नाही वाटलं तर मी नापास."

मी रडले. वॉर्डात मी कुणासमोर रडले नाही कधी. तिथे त्यासाठी बाथरूम होतं. होडीत कुठे जाणार?

घरमालक खाकरला. "परत फिरवू का?"

"नको," छोट्या म्हणाला. "अजून थोडं आत घ्या."

वर्षभरात त्याने आवाज चढवला नव्हता, हे होडीतून उतरताना माझ्या लक्षात आलं. मी डबा ठेवायला जायचे तेव्हा वाटेल ते बोलायचे, त्याला डिवचायचे, शिव्यासुद्धा द्यायचे, पण तो भिंतीकडे बघत बसायचा. आणि आज त्याने मला होडीत उभं-आडवं झोडपलं होतं. मला अपमान वाटायला हवा होता. मला इतकं हलकं वाटलं की घरी जाऊन मी तीन केळी खाल्ली.

दहाव्या दिवशी नऊला तो आंबट तोंड करून बसला होता. मी बसू दिलं. अकराव्या दिवशी तो अंथरुणातून उठलाच नाही. पूर्वी मी पडदे उघडले असते, पांघरूण ओढलं असतं. आता खुर्ची घेऊन शेजारी बसले. मनातून फार भ्यायले होते, आणि ते त्याला सांगितलंही. दुपार कलल्यावर तो आपण होऊन उठला, बाहेर गेला आणि काठावर पाय पाण्यात सोडून बसला. मीही शेजारी जाऊन बसले. पाणी कोमट होतं. समोरच्या झाडीत एक पक्षी सारखं तेच तेच ओरडत होता आणि आम्ही दोघंही त्याला वैतागलो. तेवढं एक सोडलं तर संध्याकाळ चांगली गेली.

बाराव्या दिवशी फोन करायचा होता. खोटं कशाला सांगू, माझं मन डळमळलं. माझ्याकडे चढत गेलेल्या आकड्यांचा तक्ता होता, माझ्या अक्षरात, तारखेसकट. तो वाचून दाखवला असता तर छोट्याला नको होतं ते टळलं असतं. त्याने माझी बाही धरली होती. मोठी बहीण म्हणून मला त्याला दुसरं काही द्यायचंच नव्हतं. आणि कालचा, पांघरूण डोक्यावर घेऊन पडलेला छोट्याही मला दिसत होता.

"कसे आहेत भाऊ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आकडे चांगले आहेत," मी म्हटलं, "पण ते खोटे आहेत. तुम्ही त्यालाच विचारा."

टेबलापलीकडे छोट्या बसला होता. त्याने फोन घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठले. रुग्णाबद्दल बोलणं चाललेलं असताना उठून जाणं मला जन्मात जमलं नव्हतं, पण मी ओसरी उतरून झाडांखालून पार काठापर्यंत गेले. मागे वळून पाहिलं तर तो अनवाणी फेऱ्या घालत होता, फोन कानाला, आणि मोकळा हात बोलण्याबरोबर हलत होता. बराच वेळ चाललं ते.

मग तो खाली आला आणि माझ्याजवळ उभा राहिला.

"परत गेल्यावर दाखल व्हायचंय," तो म्हणाला. "तीन आठवडे. त्या म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? मीच म्हटलं, करा."

"तुला भीती वाटत नाही?"

"वाटते की. खूप वाटते." तो पाण्याकडे बघत होता. "ताई, त्या खोलीत बसलो होतो ना, तेव्हा जराही वाटली नव्हती."

मी त्याची बाही धरून त्याला काठावर बसवलं. त्याच्या शेजारी खाली बसले, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी आम्ही दोघं तसेच घाबरलेले बसून राहिलो.