टपावरचं मेण

"बांगड्या काढून ठेव," डेव्हिड बायकोला म्हणाला.

दयाबाईने रॉकेलची बाटली खाली ठेवली. दोन्ही मनगटांकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. परत आली ती जुन्या धोतराच्या दोन लांब चिंध्या घेऊन. बांगड्यांवरून तिने त्या घट्ट गुंडाळल्या आणि एक टोक दातात धरून गाठ मारली.

"आता न्हाई लागायच्या गाडीला," ती म्हणाली.

डेव्हिडने मान हलवली. तो पत्र्याच्या शेडच्या दारात खुर्चीवर बसला होता. उजवा हात मांडीवर, पंजा उताणा. सहा महिन्यांपूर्वी अंगावरून वारं गेलं तेव्हा त्याची जीभही जड झाली होती. ती महिन्याभरात सुटली. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र जिथे ठेवावा तिथे राहत असे.

शेडमध्ये डॉक्टरीणबाईंची ऑस्टिन मोटार उभी होती, फिकट निळी, बारा वर्षांची. ती शिरूरला आली त्या दिवसापासून डेव्हिडनेच चालवली होती. तळेगाव ढमढेऱ्यापासून भीमेकाठच्या वडगाव रासाईपर्यंत अडलेल्या बाया, पटकीचे रोगी, साप चावलेली माणसं. आणि दर गुरुवारी दौंड, कारण औषधांच्या पेट्या तिथे रेल्वेने उतरत. आता बाई थकल्या होत्या. दवाखाना बंद करून पुढच्या आठवड्यात त्या नगरला बहिणीकडे जाणार होत्या. दवाखान्याची जागा भाड्याची, आणि मागची डेव्हिडची खोलीही त्यातच आलेली. महिनाअखेर ती सोडायची होती.

गाडी निमोण्याच्या पोपटरावांनी घेतली होती. ते गावच्या सोसायटीचे चेअरमन. दसऱ्याला सोसायटीच्या नव्या गोदामाचं उद्घाटन होतं आणि दौंड स्टेशनावरून पाहुण्यांना याच गाडीतून आणायचं त्यांच्या मनात होतं.

"डेव्हिडमामा, तुमच्यासारखं पॉलिश पुण्यात बी कुणी करत न्हाई म्हणत्यात," ते मागच्या आठवड्यात येऊन म्हणाले होते. "तेवढं करून द्या. आमच्या गोठ्याशेजारी एक खोली रिकामी हाय. गाडीवर नजर ठेवायला मला माणूस लागंलच. आधी गाडी बघू, मग बोलू."

पोपटरावांना डेव्हिडचा हात दिसत होता. तरी ते 'करून द्या' म्हणाले आणि डेव्हिड 'देतो' म्हणाला. ते गेल्यावर बराच वेळ त्याने बायकोकडे पाहिलं नव्हतं.

दर वर्षी नाताळाच्या आधी तो हे काम एकटा करी. दयाबाईने बादल्या भराव्यात, फडकी धुवावीत, वाळत घालावीत; गाडीच्या अंगाला हात लावायचा नाही. आज तिने पहिल्यांदाच बॉनेटवर तळवा ठेवला. पत्रा गार होता.

"आधी तांब्याभर पाणी मार," डेव्हिड म्हणाला.

तिने मारलं. पाण्याचे गोल थेंब होऊन बॉनेटवर ठिकठिकाणी उभे राहिले.

"मणी दिसत्यात?"

"व्हय."

"म्हंजी जुनं मेण अजून हाय. त्याच्यावरच नवं लावलं तर धरत न्हाई. चार दिस चमकतं आन् मग ढगाळतं. जुनं समदं काढायचं. पाणी असं उभं न राहता सपाट पसरलं की समजायचं, रंग उघडा झाला."

"आन् रंगच निघाला तर?"

"रॉकेलनं न्हाई निघत. फडक्यावर घे, गाडीवर वतू नको. वीतभर जागा पुसायची, लगेच साबणाच्या पाण्यानं धुवायची. वाळू द्यायचं न्हाई. एक बोटभर जुनं मागं ठेवायचं न्हाई."

ती पुसू लागली. फडक्यावर पिवळट डाग उतरला.

"गोल नको फिरवू. लांबीच्या बाजूनं. तू भांडी घासत न्हाईस."

"भांडी घासली म्हणून तर हात चालतोय," दयाबाई म्हणाली.

तो थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. मडगार्डच्या आतल्या वळणात बोट घालून पूस. दाराच्या मुठीखाली राहिलं. ते फडकं मळलं, उलट कर. उलटं बी मळलं, टाकून दे. दयाबाई सांगितलं तसं करत गेली. तासाभरात तिला त्याच्या सांगण्याआधीच कळू लागलं. मेण असेल तिथे फडकं सरकन पुढे जाई, रंग उघडा झाला की ते किंचित अडे. बॉनेट, मडगार्ड, चारही दारं, सगळीकडे फडकं दोनदा फिरवलं की पाणी पसरत होतं. डेव्हिड इतक्या वर्षांत काय करत होता हे तिला आता हाताने समजत होतं. काम चोख होतं, कुठे सांदीकोपऱ्यातही जुना थर साचलेला नव्हता.

दुपारी दोघांनी शेडमध्येच भाकरी खाल्ली. तिने त्याच्यापुढे चटणी ठेवली, भाकरीचे तुकडे करून दिले. तो डाव्या हाताने खात होता आणि गाडीकडे बघत होता.

"झालं," तो म्हणाला. "आता नवं लावायला घे."

"टप राहिलाय की."

"टपाला नको. पोपटराव पाचला येणार. त्याच्या आत नवं लागून पुसून झालं पाहिजे. वर कोण बघतंय?"

दयाबाई उठली. "सकाळपास्नं तुम्हीच म्हणताय, बोटभर ठेवायचं न्हाई."

"म्हणलो व्हतो. ते दिसतं तिथलं."

तिने घरातून स्टूल आणलं, गाडीला खेटून ठेवलं आणि वर चढली. टप असा वरून तिने कधी पाहिला नव्हता. खालच्या निळ्यापेक्षा तो वेगळाच दिसत होता, हिरवट. उन्हानं झालंय, असं डेव्हिड कधीतरी म्हणाल्याचं तिला आठवत होतं.

तिने रॉकेलचं फडकं फिरवलं. ते तपकिरी झालं. दुसरं घेतलं, तेही तपकिरी. तिसरं. पाणी मारलं तर मणी तसेच्या तसे उभे. टपाच्या कडेने जाणाऱ्या पन्हळीत मेण इतकं जाड साचलं होतं, की तिने नख लावलं आणि एक पापुद्राच सुटून आला, चिंचोक्याएवढा.

ती तो फेकणार होती. पण उजेडात धरल्यावर त्याची कड दिसली. पिवळा थर, मग धुळीची काळी रेघ. पुन्हा पिवळा, पुन्हा रेघ. नखाच्या टोकाने तिने ते थर मोजले. चार होते.

स्टुलावर उभ्या उभ्याच ती हिशोब करत राहिली. मागचा नाताळ. त्याच्या आधीचा. त्याच्या आधीचा. चौथा म्हणजे मुलीचं, हन्नाचं लग्न झालं त्या सालचा.

ती खाली उतरली आणि पापुद्रा तळहातावर घेऊन डेव्हिडसमोर धरला.

"हे काय वो?"

त्याने पाहिलं. एवढ्याशा गोष्टीकडे बघायला लागतो त्याहून जास्त वेळ पाहिलं.

"मेण."

"चार सालाचं हाय."

"येळ मिळाला नसंल."

"चार साल?"

रस्त्याने उसाची गाडी चालली होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज वळणापर्यंत गेला आणि थांबला.

"वर हात जात न्हवता," डेव्हिड म्हणाला.

"कवापास्नं?"

"हन्नाच्या लग्नात चर्चच्या दारावर पानं बांधत व्हतो, तवा पहिल्यांदा मुंग्या आल्या. मग खांद्याच्या वर जाईनाच. खालचं समदं जमायचं. गिअर जमायचा, स्टिअरिंग जमायचं. कवा कवा पकड सुटायची, तेवढंच."

"एका भिंतीपल्याड डाक्टर व्हती."

"म्हणूनच न्हाई बोललो. त्याच दिवशी किल्ली मागून घेतली असती बाईंनी."

"आन् मी?"

मांडीवरचा उजवा हात त्याने डाव्या हाताने उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

दयाबाई तशीच उभी राहून आठवू लागली. खुंटीवरचा सदरा तो तिलाच काढून द्यायला सांगू लागला, ते कधीपासून? डाव्या हाताने भांग पाडू लागला तेव्हा ती हसली होती, म्हातारपणी हा काय नवा छंद म्हणून. विहिरीवर तो जाईनासा झाला, तर तिला वाटलं होतं, ड्रायव्हरकीचा तोरा चढलाय.

"हन्ना सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली," ती म्हणाली. "दौंडवरनं तुम्हीच आणली तिला."

"व्हय."

"मी बी व्हते गाडीत."

"व्हय."

तिने तो पापुद्रा कचऱ्याच्या ढिगावर टाकला, नवं फडकं घेतलं आणि पुन्हा स्टुलावर चढली. आता ती जोर लावून पुसत होती. स्टूल हलत होतं. एरवी त्याने सांगितलं असतं, सावकाश, ओरखडे पडतील. आज तो खुर्चीतून नुसता बघत होता. सहा फडकी गेली. एका बाजूचं झाल्यावर तिने स्टूल ओढत पलीकडच्या बाजूला नेलं, पुन्हा चढली. खांदे भरून आले. पाठीवर चोळी घामाने चिकटली. तिने थांबून दम खाल्ला आणि पुन्हा लांबीच्या बाजूने हात चालवला.

शेवटी तांब्याभर पाणी मारलं तेव्हा ते सगळ्या टपावर एकसारखं पसरलं आणि कडेवरून सरळ खाली ओघळलं. टपाचा निळा दारांच्या निळ्याशी जुळला होता.

मग दोघांनी मिळून नवं पॉलिश लावलं. ती लावत होती आणि तो डबा गुडघ्यांत धरून, डाव्या हाताने थोडं थोडं फडक्यावर काढून देत होता. कामापुरतंच बोलणं झालं. पातळ लाव. हितं जास्त झालं. आता पांढरं पडू दे. आता पूस.

पाचच्या सुमाराला पोपटराव आले. बरोबर त्यांचा नवा ड्रायव्हर होता, हौसराव नावाचा, मिशीला पीळ दिलेला. पोपटराव गाडीभोवती एक फेरी मारून आले, वाकून दारात स्वतःचा चेहरा बघितला आणि टोपी सारखी केली.

"मामा, नव्यासारखी केली की."

"मी न्हाई. हिनं केली."

पोपटरावांनी दयाबाईकडे पाहिलं. मनगटांवरच्या चिंध्या रॉकेलने काळ्या झाल्या होत्या.

"जुनं काढून केलंय ना? न्हाईतर ढगाळतं म्हणत्यात. पाव्हणे बसायचेत."

दयाबाई फडकं पिळत होती. तिने मान वर केली नाही.

डेव्हिडने काठी घेतली आणि उठायला लागला. हौसराव हात द्यायला पुढे झाला, त्याला त्याने मानेनेच नको म्हटलं. चार पावलं चालून तो गाडीपाशी आला आणि काठी बगलेत धरून त्याने डावा हात दाराला टेकवला.

"काढलंय," तो म्हणाला. "पण एक सांगतो पोपटराव. टपाचं चार सालं मी काढलं न्हवतं. डाव्या हातानं वरच्या वर लावत गेलो. हात चालत न्हवता माझा. कुणाला सांगितलं न्हाई."

पोपटराव हसले. "आवो मामा, टपावर कोण बघतंय?"

"आज हिनं बघितलं."

पोपटरावांनी टपावरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेऊन वास घेतला.

"बरं झालंय," ते म्हणाले. "मग दसऱ्याच्या आधी या सामान घेऊन. खोली सारवून ठेवायला सांगतो. दोघं या. आन् मावशी, हे पॉलिशचं काम आता तुमच्याकडं."

"जुनी धोतरं लागतील," दयाबाई म्हणाली. "मऊ. बरीच."

"देतो की."

हौसरावने गाडी सुरू केली. पहिला गिअर खरखरला. डेव्हिडची डावी मूठ काठीवर आवळली गेली. गाडी मागे आली, दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडली आणि निमोण्याच्या रस्त्याला लागली. शेडमध्ये जमिनीवर तेलाचा एक डाग आणि ओल्या मातीत चाकांच्या खुणा राहिल्या.

दयाबाई फडकी गोळा करू लागली. धुण्याजोगी एका बाजूला, जाळायची एका बाजूला. डेव्हिड खुर्चीत जाऊन बसला होता.

"राहू दे ते," तो म्हणाला. "बस जरा."

"स्वयपाक पडलाय."

"पडू दे. दौंडच्या रेल्वे फाटकापाशी एकदा पकड सुटली तवा काय झालं, ते तुला सांगायचंय."

"कवाचं?"

"दोन सालं झाली. बाई मागं झोपल्या व्हत्या. त्यांना बी ठावं न्हाई."

दयाबाईने बादलीतलं साबणाचं पाणी अंगणात ओतलं, बादली पालथी घातली आणि त्याच्यासमोर बसली.