विहीणबाईंसाठी नेलेलं लिंबाचं रोप

आमच्या सल्लागार मंडळावरची वनस्पतिरोगतज्ज्ञाची जागा कितीतरी महिने रिकामी होती आणि त्या जागेवर एका गृहस्थांचा डोळा होता. गृहस्थ फवारणीची औषधं विकणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांना कुठलंही झाड दाखवा, ते फवारणीच सुचवणार, मग त्या झाडाचं सरपण झालेलं का असेना. आमचं खातं देशात फिरणारी रोपं निरोगी आहेत की नाहीत हे बघतं, मंडळ खात्याला सल्ला देतं आणि मी मंडळाची सचिव. म्हणजे सगळ्यांचे रुसवेफुगवे सांभाळायचं काम माझ्याकडे.

"सोमवारपर्यंत दुसरं नाव आणा, नाहीतर यांनाच घ्यावं लागेल," संचालक म्हणाले. "तुमच्या विहीणबाई आहेत ना? नातं आपण आधीच जाहीर करू."

जसं काही मी विचारलंच नव्हतं! दोनदा विचारून दोनदा तोंडघशी पडले होते. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. जन्मभर पिकांचे रोग शिकवले. पानं जाळणाऱ्या रोगाला करपा म्हणतात, म्हणून विद्यार्थी त्यांना पाठीमागे करपाबाई म्हणायचे. सून आमच्या घरी आली तेव्हा तिचं सामान यायच्या आधी बाईंनी आमच्या कुंड्या तपासल्या होत्या.

पण त्यांच्या नकाराचं कारण खरं होतं. पूर्वी त्या याच मंडळावर होत्या. तेव्हा लिंबाच्या झाडांवर खैऱ्या आला. पानांवर खरखरीत तपकिरी फोड, भोवती पिवळं कडं. तो औषधाने बरा होत नाही, झाडं उपटून जाळावी लागतात. बाईंनी तोच सल्ला दिला आणि जळालेल्या बागांत त्यांच्या धाकट्या भावाची बाग होती. रोग गेला. भाऊ शहराबाहेर नर्सरी काढून बसला आणि बहिणीशी बोलायचा बंद झाला. भाचीच्या लग्नालाही आला नाही.

"त्या खुर्चीपायी माझा भाऊ गेला," बाई म्हणाल्या होत्या. "आता काय उरलंय द्यायला?"

यावर मी काय करावं? मी शनिवारी सकाळी त्याच भावाच्या नर्सरीत गेले आणि लिंबाचं एक गुटगुटीत रोप विकत घेतलं. भावाच्या हातचं रोप बघून बाई विरघळतील, दोघांत समेट होईल आणि त्या भरात मी मंडळाचा विषय पुढे सरकवीन, असा माझा बेत. 'रोप तपासल्याशिवाय घरात नेऊ नका' अशी पाटी आमच्या कार्यालयात दारातच लावलेली आहे. तिच्यावरचा मजकूर माझाच आहे. पण ती पाटी जनतेसाठी, असं मी धरून चालले असावे.

विहीणबाईंनी दार उघडलं आणि माझ्याऐवजी रोपाकडे बघितलं.

"तिथेच थांबा."

"अहो, मी आहे!"

"तुम्हाला ओळखते मी. रोप खाली ठेवा."

गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून त्या जिन्यातच उकिडव्या बसल्या. एक पान उलटलं, मग दुसरं. मग आतून पिशवी आणून त्यांनी रोप कुंडीसकट बांधून टाकलं, मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि माझा कोटही दुसऱ्या पिशवीत घातला. वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली उतरताना माझ्याकडे असे बघत गेले, जणू मीच रोग.

"खैऱ्या आहे," बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेत तपासून घ्या, पण मला शंका नाही. कुठून आणलंत?"

मंत्र्यांसमोर मी घडाघडा बोलते, इथे मात्र बांधलेल्या पिशवीकडे बघत सांगितलं. "तुमच्या भावाकडून."

बाई दाराशी चपला घालायला ठेवलेल्या स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना असं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझ्या हुशारीची लाज वाटली.

"हे बघा," मी म्हटलं, "मी काही पाहिलेलं नाही. हे रोप जाळून टाकू आणि चहा घेऊ."

"सचिवबाई, हे तुम्ही बोलताय?"

"मी विहीण म्हणून बोलले."

"मग विहिणीला जरा बसवा आणि सचिवांना पाठवा."

"बरं. निरीक्षक मी पाठवते. तुमचं नाव कुठेही येणार नाही, मग तर झालं?"

"मागच्या वेळी हेच केलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "बाग जाळायला परकी माणसं गेली. मी घरात बसून राहिले."

मग त्यांनी फोन लावला. नंबर पाठ होता. कमी ऐकू येतं म्हणून त्या आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"मी बोलतेय. लिंबाची विक्री आत्ताच्या आत्ता थांबव. खैऱ्या आहे."

पलीकडे पाण्याचा नळ बंद केल्याचा आवाज आला.

"कोण येणार आहे?" भावाने विचारलं.

"मी येतेय."

"तू? स्वतः?"

"हो."

"ये मग," तो म्हणाला.

मी गाडी चालवत होते आणि बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मंडळाचं नाव काढायची माझी छाती होत नव्हती. अर्ध्या वाटेत त्याच म्हणाल्या, "येते तुमच्या मंडळावर. पण ज्याची झाडं जाणार, त्याला आधी मंडळातल्या माणसाने समोर जाऊन सांगायचं. मान्य नसेल तर ते फवारणीवाले घ्या."

संचालकांना न विचारताच मी मान्य करून टाकलं.

भावाने फाटकाला दोर बांधला होता आणि तो आतच उभा होता. बहिणीसारखंच नाक, तसंच ते थोडं वर.

"तेव्हा तू आली असतीस ना ताई," तो म्हणाला, "तर बागेला मीच काडी लावली असती. तू आलीच नाहीस."

"हिंमत झाली नाही रे." करपाबाई रडत होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही.

त्याने दोर सोडला.

तासाभरात आमचा निरीक्षक आला. त्याने नमुने घेतले आणि डाग असलेल्या रांगा उपटायला सांगितल्या. भाऊ हातमोजे चढवून कामाला लागला, मान खाली घालून, भराभर. शेवटच्या रांगेशी मात्र तो थांबला. तिची माती अजून ओली होती.

"हिला आज सकाळीच पाणी घातलं गं," तो म्हणाला.

"तू हो बाजूला." बाई खाली बसल्या आणि त्यांनी पहिलं रोप मुळासकट उपटलं. भाऊ तिथून हलला नाही. पिशवीचं तोंड उघडून धरून तो बहिणीशेजारी उभा राहिला, रांग संपेपर्यंत.