आरामावर ठेवलेला रिले

तीन पट्ट्या, तीन वेटोळी, एक तबकडी, दोन बटणे आणि सात स्क्रू. मित्रांनो, एवढाच माझा संसार. मी एक जुना ओव्हरलोड रिले आहे. तुमच्या कंपासपेटीच्या अर्ध्याएवढा, काळा, दिसायला अगदीच साधा. कौलांच्या एका कारखान्यात माती मळणारा मोठा मिक्सर आहे. त्याच्या मोटरवर पहारा देणे हे माझे काम.

जन्मलो त्याच दिवशी माझी परीक्षा झाली. एका बाईने माझ्यातून मुद्दाम जास्त वीज सोडली आणि ती घड्याळाकडे पाहत बसली. माझ्या पोटातल्या पट्ट्या तापल्या, वाकल्या आणि 'टक' असा आवाज झाला. तिने मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. भीती म्हणजे हीच, परीक्षेची, असे मला तेव्हा वाटले होते.

या पट्ट्यांचे काम समजून घ्या. प्रत्येक पट्टी दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली असते. ताप लागला की एक धातू जास्त वाढतो आणि दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. मोटरवर फार भार पडला की ती जास्त वीज ओढते. त्या विजेने माझ्या पट्ट्या तापतात, वाकतात, एक छोटी दांडी ढकलतात आणि मोटरची वीज तुटते. मोटर जळत नाही. पुढे पट्ट्या निवतात आणि पुन्हा सरळ होतात. तापणे आणि निवणे, यातले काहीच माझ्या हातात नाही.

मला इथे बसवले ते कारखान्याच्या वायरमनने. त्याची थोरली बहीण मिक्सर चालवायची. त्याने मोटरवरची पाटी वाचली, पंधरा अँपिअर, आणि माझी तबकडी बरोबर पंधरावर आणली. काही दिवसांनी फोरमन वैतागून म्हणाला, "जरा वर चढव की काटा! सारखा बंद पडतोय हा."

"चढवतो, साहेब. मग रिले गप्प बसेल आणि मोटर बोंब मारेल. पण एकदाच," वायरमन म्हणाला.

फोरमनने पुन्हा विषय काढला नाही. माझ्या आधी तिथली मोटर दोनदा जळली होती. मी आल्यावर सहा वर्षांत एकदाही नाही. वायरमन दर महिन्याला कोरड्या फडक्याने मला पुसायचा आणि "शाबास रे ठोकळ्या" म्हणायचा. मला फार बरे वाटायचे.

मग नव्या खाणीची माती येऊ लागली. तिच्यात दगड फार. दिवसातून पाच-सहा वेळा पात्यांत दगड अडकायचा आणि मी वीज तोडायचो. माझी खोली मिक्सरपासून बेचाळीस पावलांवर, त्यात नऊ पायऱ्या. दगड काढून झाला की ताई त्या चढून यायची, माझे निळे बटण दाबायची आणि धापा टाकत परत जायची.

"तुझ्या या ठोकळ्याला सांग," ती एकदा भावाला म्हणाली, "दगड मातीत आहेत, माझे गुडघे दगडाचे नाहीत."

वायरमन हसला. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला. माझ्या निळ्या बटणाच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरे आहेत, एच आणि ए. बटण 'एच'वर असले की मी एकदा तुटल्यावर कुणीतरी हाताने दाबेपर्यंत तुटलेलाच राहतो. 'ए'वर असले की निवल्यावर मी आपोआप जोडला जातो.

"'एच' म्हणजे हेलपाटा आणि 'ए' म्हणजे आराम," असे म्हणत त्याने बटण फिरवले. "आजपासून ताई आरामावर!"

त्याने हे बहिणीच्या मायेने केले, मित्रांनो. तिला बजावलेही, "दगड अडकला की आधी मिक्सरजवळचा खटका बंद करायचा, मगच हात घालायचा. नाहीतर हा आपोआप सुरू होईल." ती रोज तसेच करायची. पण माझी झोप त्या दिवसापासून उडाली. मला वीज कळते, हात कळत नाही. पात्यांमध्ये दगड आहे की माणूस, हे मला कोण सांगणार?

आणि तो दिवस आला. सकाळी वायरमन ताईला म्हणाला होता, "जेवणाच्या सुट्टीत पॅनेल साफ करायचंय. मीच वरून मिक्सर बंद करीन." सुट्टी झाली. तो माझ्या खोलीत आला, पॅनेलचे दार उघडले आणि आधी चार घास खाऊन घ्यावेत म्हणून स्टुलावर डबा उघडून बसला. खाली ताई उरलेली माती संपवत होती. तेवढ्यात दगड अडकला. माझ्या पट्ट्या भाजून निघाल्या आणि आठव्या सेकंदाला मी वीज तोडली. वीज तोडल्याची खूण म्हणून पॅनेलवरचा पिवळा दिवा लागला.

खालून ताईची हाक आली. "बंद का रे?"

वायरमनने पिवळा दिवा पाहिला. तोंडात घास होता. "बंद आहे, बंद आहे!" तो ओरडला.

तिला वाटले, भावाने बंद केला. तो सांगत होता, बंद पडला. तिने खटक्याला हात लावला नाही.

"बरं, मग दगड काढते!"

मी निवू लागलो. एक मिनिट झाले. खालून दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, पण घुमल्यासारखा. वाकून कोपरापर्यंत हात आत घातल्याशिवाय आवाज तसा येत नाही. "मेला निघेचना!" दुसरे मिनिट सरले. माझ्या पट्ट्या सरळ होत होत्या, केसाकेसाने. मी मनात म्हणत होतो, गरम राहा, आणखी थोडा वेळ गरम राहा. पण उघड्या दारातून वारा येत होता आणि मी आणखीच लवकर निवत होतो. मित्रांनो, मला बोलता येत नाही. इतके वाईट मला कधीच वाटले नव्हते.

वायरमनने पाण्याचा घोट घेतला. पिवळ्या दिव्याकडे पाहिले. मग निळ्या बटणाकडे. बटण 'ए'वर होते, आणि वरून मिक्सर बंद करायचा राहिलाच होता. डबा खाली पडला. तो उठला नाही, झेपावलाच, आणि दोन्ही हातांनी मेन स्विचची दांडी खाली ओढली. दिवे गेले. पंखे थांबले. सगळी शेड चिडीचूप झाली.

त्या शांततेत, चार सेकंदांनी, माझ्या पोटात 'टक' झाले.

त्याने तो आवाज ऐकला. त्याचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळणार? तो भिंतीला टेकून खाली बसला.

ताई नऊ पायऱ्या चढून आली. हात कोपरापर्यंत मातीने माखलेला, मुठीत दगड. "काय रे शहाण्या, लाईट का घालवलीस? आणि असा भूत बघितल्यासारखा काय बसलायस?"

त्याने तिचा तो हात धरला आणि बोटे मोजली. एकदा, मग पुन्हा एकदा. मग सगळे सांगितले. तिने मुठीतला दगड खाली ठेवला. म्हणाली, "स्क्रूड्रायव्हर दे इकडे. हेलपाटाच बरा." आणि तिने स्वतः माझे बटण 'एच'वर फिरवले.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. धूळ पुसा, तबकडी मोटरच्या पाटीशी जुळवून ठेवा. पण आमच्या भरवशावर यंत्रात हात घालू नका. आम्ही मोटर वाचवतो. हात वाचवायचा असेल तर वीज स्वतः तोडा, आणि 'बंद पडला' की 'बंद केला', हे नीट विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी भावंडांनी माझी परीक्षा घेतली. पात्यांत लाकडी ओंडका अडकवला, खटका चालू ठेवला आणि दोघे घड्याळ घेऊन लांब उभे राहिले. निकाल वायरमनने पॅनेलच्या दारावर आतून खडूने लिहिला.

बटण एचवर. वीज तुटली, आठव्या सेकंदाला. थांबलो, तीस मिनिटे. पात्यांचे फेरे, शून्य.